पाचवी गारगोटी

आमच्या लातूरच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टसमोर दोन मोठ्या कुंड्या ठेवल्यात. कुंडीतली माती दिसू नये म्हणून वरून पांढरे गुळगुळीत दगड अंथरलेत. सोसायटीच्या मीटिंगला एकजण मोठ्या कौतुकानं म्हणाले, खास गारगोट्या मागवल्यात बाहेरून. म्हातारीनं मीटिंगमध्ये दगडावरून वाद घालू नये, एवढं मला कळतं. पण मनाला चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं लिंबू घेऊन खाली गेले आणि एका दगडावर पिळलं. बारीक बारीक बुडबुडे आले. वॉचमन खुर्चीवरून उठून आला. म्हणाला, "काय करलालाव, आजी? दगडाचं लोणचं घालता काय?" मी म्हटलं, "गारगोटी नाही रे ही. संगमरवर आहे. गारगोटीला लिंबाचं काही होत नसतं." तो म्हणाला, "दिसायला तर सारखंच हाय की." आता त्याला काय सांगावं. मी तो दगड पदरानं पुसला आणि जुन्या सवयीनं गालाला लावला. लावला आणि तिथंच पायरीवर बसले. तो बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. मी का बसले हे त्याला सांगायचं झालं असतं तर सगळी सकाळ गेली असती. तुम्हाला सांगते, तुम्हाला कुठं गेट सांभाळायचंय.

आमचं गाव देगलूरच्या पलीकडं. तिथून पुढं थोडं चाललं की माणसं तेलुगू बोलायला लागतात. माझी माय त्या बाजूचीच. घरात मराठी बोलायची, पण राग आला, हसू आलं किंवा ठेच लागली की तेलुगू. मला चिन्नी म्हणायची, म्हणजे लहानगी. मी तिला एकटीच होते, त्यामुळं लहानगी मीच आणि थोरलीही मीच. आमच्याकडची जमीन तांबूस, मुरमाड. नांगर फिरला की मातीत पांढरे दगड चमकायचे, जसे काही कोणी रानात खोबऱ्याचे तुकडे पेरलेत. ओढ्यात तर त्यांचा खच. पाण्यानं घासून घासून अंड्यासारखे झालेले. आमच्या मराठीत गारगोटी, मायच्या भाषेत पलुगुराई. धुणं झालं की माय ओढ्याच्या कडेला बसायची आणि मला म्हणायची, "जा, पाच चांगले आण." मी ओंजळ भरून आणायची. ती एकेक बघायची आणि निम्मे मागं फेकून द्यायची.

शाळा तिनं कधी बघितली नव्हती, पण दगडाची पारख तिच्यासारखी मी नंतर कुणाची बघितली नाही. बांगडीचा फुटका तुकडा घ्यायची आणि दगडाचा कोपरा त्यावरून ओढायची. काचेवर ओरखडा उठला तर खरी गार. विळ्याचं टोक दगडावर ओढायची. दगडावर ओरखडा पडला तर तो खोटा, आणि विळ्याचंच लोखंड दगडाला काळं लागलं तर खरा. फुटलेली गार असली तर फुटल्या जागी बोट फिरवायला लावायची. "बग, कशी शिंपल्यावानी वळलीया. सपाट फुटत न्हाई ही. हिला सपाट फुटताच येत न्हाई." आणि शेवटी गालाला लावायची. आधी तिच्या, मग माझ्या. "थंड लागली का?" "लागली." "मग आपली." हे गालाचं मला तेव्हा लाड वाटायचे. पारख वाटायची नाही.

सगळ्यात मोठी गंमत मात्र ज्वारीच्या कोठीत. भर दुपारी कोठीचं दार लावलं की आत काळोख. माय दोन गारगोट्या एकमेकींवर जोरानं घासायची, आणि त्यांच्या पोटात उजेड व्हायचा. ठिणगी नव्हे, ठिणगी बाहेर उडते. हा आतला उजेड. पिवळसर, मिणमिणता, घासणं थांबलं की गेला. मागं एक जळका वास राहायचा. मी विचारलं, दिवा कुठंय आत? ती म्हणाली, "दिवा न्हाई. घासल्याबिगर दिसत न्हाई, एवढंच." पुढं मी चार पुस्तकं वाचली, हळूहळू, माझी मीच. त्यात कळलं की स्फटिक आणि आपली गारगोटी एकच. स्फटिक स्वच्छ, आणि आपली दुधाळ, कारण दगड घडताना तिच्या पोटात पाण्याचे इतके बारीक थेंब अडकून बसलेले असतात की डोळ्याला दिसत नाहीत. ते थेंबच तिला पांढरं करतात. पुस्तकात ते वाचताना मला कोठीतला वास आला होता.

मग मायला खोकला लागला. आधी सगळे म्हणाले, कडब्याची धूळ गेली असेल. पण धूळ सरली, खोकला सरला नाही. तिचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला, आणि एक दिवस बापू, माझे वडील, तिला नांदेडच्या दवाखान्यात ठेवून आले. मला आत्याकडं पोचवायचं ठरलं, चाकूरच्या बाजूला. मायनं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मला उंबऱ्याच्या पलीकडं उभं केलं. जवळ यायचं नाही म्हणाली. चोळीच्या उरल्या कापडाची एक पिशवी माझ्याकडं टाकली. आत पाच गारगोट्या, लिंबाएवढ्या, आम्ही दोघी ज्यांनी खड्यांचा खेळ खेळायचो त्या. एकीवर कुंकवासारखी लाल रेघ, एकीचा टवका उडालेला, एकीला खळी, एक जराशी पारदर्शक. आणि पाचवी नुसती पांढरी, बिनखुणेची. "पाच हायेत. पाचच्या पाच घिऊन ये माज्याकडं. मग खेळू." लहान पोराला एवढं पुरतं. मी मनाशी पक्कं केलं की पाचच्या पाच नेल्या तर माय घरी येईल. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही हेही ठरवलं होतं.

आत्याच्या गावची जमीन काळी. इतकी काळी की पाऊल उठवलं तर त्या जागी आणखी काळं. दगडही काळे, राखाडी. पहिले आठ दिवस मी पांढरा दगड शोधत हिंडले. एकही दिसला नाही, म्हणजे मी किती लांब आले ते मला तेव्हा कळलं. आत्याला लेकरू नव्हतं आणि बोलायची सवयही नव्हती. तिचं बोलणं भांड्यातून. परात जोरात ठेवली म्हणजे उठा, तवा आदळला म्हणजे जेवायला बसा. घरात माणूस बोलकं एकच, आत्याचा नवरा. मी त्यांना मामा म्हणायची. मामा सगळ्यांची चेष्टा करायचे, बैलांचीसुद्धा. माझ्या बोलण्यात मायचे शब्द यायचे, त्यावरून शाळेतल्या पोरी मला तेलंगी म्हणायच्या आणि खेळात घ्यायच्या नाहीत. मामा घरी मुद्दाम विचारायचे, "काय गं तेलंगी, आज काय नवीन शिकवलीस मास्तराला?" त्यात कुचकेपणा नव्हता, पण मला ते तेव्हा कळत नव्हतं. मी गोठ्यामागं बसून एकटीच खडे खेळायची. एक वर फेकायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा. एकटीनं खेळलं की जिंकणारीही आपण आणि हरणारीही आपणच. तुम्ही खेळून बघा, किती लवकर कंटाळा येतो. मला कंटाळा येत नव्हता. त्या घरात माझ्याशी त्या पाच गारगोट्याच बोलायच्या.

मग येळवस आली. आमच्याकडच्या गावात येळवस नव्हती, मी पहिल्यांदाच बघत होते. लातूरकडच्या माणसाला येळवशीचं सांगायला नको, इतरांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांना चुना लावायचा, पूजा करायची, निवद दाखवायचा आणि रानातच जेवायचं. आत्या दोन दिवस आधीपासून चुलीपुढं. बाजरीचे उंडे, तिळाच्या भाकरी, गव्हाची खीर, आणि भज्जी, म्हणजे वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची, पालेभाजीची, बेसन लावून घोटलेली दाट भाजी. आंबिलाचं मडकं मामांच्या डोक्यावर. लसणाचा तो आंबूस वास रानाकडं जाणाऱ्या अख्ख्या पांदीला. आणि त्या दिवशी आत्या चक्क गुणगुणत होती. मी तिच्याकडं बघतच राहिले.

रानात पोचलो, खोप झाली, आणि मामा म्हणाले, "पांडव कुटं हायेत? बगा रे जरा पाच बरे दगड." त्या घरची रीत अशी की दर सालाला नवे पांडव. मी इतके दिवस त्या घरात कुणाच्या उपयोगी पडले नव्हते. पिशवी कमरेलाच होती. ती सोडून मी पाची गारगोट्या मामांपुढं धरल्या. मामांनी एक उचलून उन्हात धरली. "अगं बग तर, ही पोरगी काय घिऊन आलीया. आमचे पांडव दर साली काळेबेंद्रे, औंदा गोरेपान. धर्मराज खूश होऊन बसंल." सगळे हसले, शेजारच्या रानातली माणसं बघायला आली. आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या घरात पहिल्यांदा. खरं सांगते, त्या हातासाठी मी अजून काय काय देऊन टाकलं असतं कुणास ठाऊक. मामा म्हणाले, "यास्नी चुना कशाला, जन्माचे चुना लावल्यालेच हायेत की." पण आत्या म्हणाली, "रीत हाय," आणि तिनं पाचींना चुना फासला. लाल रेघ झाकली, खळी भरली, टवका बुजला.

दिवस उतरला, भांडी टोपल्यात गेली, आणि मी खोपीत वाकून हात घातला. मागून आत्याचा आवाज आला. "हात लावू नगंस. देव झाले ते." मी म्हटलं, "माझे आहेत ते, आत्या." ती म्हणाली, "होते. आता पांडव हायेत. पूजा केल्याला दगड उचलून घरी न्हेत न्हाईत, पोरी. रान उघडं पडतंय." ती रागानं बोलली नव्हती. साधं, जसं कुणी सांगतं की ताटाला पाय लागू देऊ नये. मला वाटलं होतं की पूजा झाली की आपली वस्तू आपल्याला देतात, आमच्याकडं गणपतीपुढं मांडलेली समई नाही का परत फडताळात जात. काय म्हणणार? मायचा माझा करार कुणाला माहीतच नव्हता. मी सगळ्यांच्या मागून चालत आले. पुढं मामा हसत होते. माझ्या कमरेला रिकामी पिशवी होती.

त्यानंतर शाळा सुटली की मी रानात जायची. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर, मी खोपीपुढं बसून त्यांच्याकडं बघायची. आतून त्या माझ्या होत्या, वरून देव होत्या. हात लावायची हिंमत नव्हती. पाखरं राखायला आलीय असं लोकांना वाटायचं. मग ज्वारी काढणीला आली. एक दिवस गेले तर खोप नाही. कडबा बैलांपुढं गेलेला आणि पांडव बांधावरच्या बाभळीखाली टाकलेले. तिथं अख्ख्या घराण्याचे पांडव पडलेले होते, कैक सालांचे, दर येळवशीला जुन्यांनाही चुना लागायचा म्हणून सगळे सारखेच पांढरे, लिंबाएवढे. आत्याच्या सासूपासूनची रीत, दगड लहानच घ्यायचे. किती असतील देवाला माहीत. त्यात माझे पाच. आणि दोनच दिवसांपूर्वी बापूंचा निरोप आला होता की येत्या रविवारी मला मायला भेटवायला नांदेडला नेणार.

मी आत्याच्या घरातून दोन लिंबं चोरली. चोरलीच म्हणायची. फुटकी बांगडी तर मिळतेच. एकेक दगड घ्यायचा आणि लिंबू चोळायचं. वरचा चुना फसफसून निघायचा, खालचा दगड दिसायचा. काळा असला की बाजूला. दुपार झाली, बोटांना लिंबू झोंबायला लागलं. एका दगडाखाली लाल रेघ दिसली तेव्हा मी मोठ्यानं "सापडली!" म्हणाले, आणि वर बघितलं तर आत्या उभी. डोक्यावर वैरणीचा भारा. मला वाटलं, आता मार. तिनं भारा खाली टाकला. "काय करलालीस?" मी सगळं सांगितलं. मायचं, पाचांचं, खेळायचं. फक्त माय घरी येईल ते नाही सांगितलं. ते सांगायची गरज पडली नाही बहुतेक. आत्यानं माझ्या हातातला लाल रेघेचा दगड बघितला. मग म्हणाली, "तवाच सांगायचं न्हाईस? तोंडात काय माती घातली होती का?" आणि खाली बसली. सोबतच्या तांब्यातलं पाणी ढिगावर शिंपडलं, हात जोडले, म्हणाली, "देवा, तुमचं काम झालं. ज्या पोरीचे हायेत तिच्यासंगं जावा आता." मग माझ्याकडं वळली. "दाव, कसं वळखायचं ते."

मी आत्याला बांगडीवरचा ओरखडा दाखवला. तिला ते पटकन जमलं, हात कामाचे होते. आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत चुना काढत बसलो. मध्येच ती म्हणाली, "ह्यो बग, ह्यो मी लग्न होऊन आले त्या सालचा आसंल. माज्या हातानं लावलेला पयला पांडव." आणि तो काळा दगड तिनं जरा वेळ हातात ठेवला. टवका उडालेली सापडली, खळीची सापडली, जराशी पारदर्शक ती सापडली. चार झाल्या. पाचवी नाही. ढीग संपला, बांध संपला, आम्ही बाभळीच्या मुळ्यातली माती उकरली. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, त्यात पडली असेल तर किती खोल गेली कोण जाणे. आत्या म्हणाली, "उद्या परत बगू." उद्या बघितलं, परवा बघितलं.

शुक्रवारी मी विहिरीवर गेले. मामांच्या शेजारच्या रानात नवी विहीर चालली होती आणि तिथं एक म्हातारी वडारीण दगड फोडायची, यल्लम्मा नावाची. काढलेल्या दगडांच्या ढिगात मला पांढरं दिसलं. काळ्या खडकाच्या पोटातून निघालेला दगड, दुधासारखा, चमकणारा. मी उचलला. यल्लम्मा म्हणाली, "ए चिन्नी, इदि पलुगुराई कादु." ही गारगोटी नाही. किती महिन्यांनी कुणी मला चिन्नी म्हटलं होतं. तिला काय, तिच्या भाषेत ती सगळ्याच लहान पोरींना चिन्नी म्हणत असेल. मी तोंड फिरवून उभी राहिले. तिनं हातोडीनं त्याच दगडाचा एक तुकडा फोडून दाखवला. तो तिरपा, सपाट फुटला, आरशासारखा. शिंपल्यासारखा नाही. बांगडीवर ओढला तर बांगडीला काही नाही, दगडाचंच पीठ पडलं. लिंबू लावलं तर फसफसला, आणि फसफसतच राहिला. मला सगळं दिसत होतं. तरी मी तो घरी आणला आणि पाट्यावर घासायला बसले. खरी गारगोटी महिनाभर घासली तरी तिचा कोपरा जात नाही. हा तासाभरात गोल झाला. इतका सोपा गोल झाला की मला रडू आलं, पण मी घासत राहिले. आत्या चुलीपाशी होती. तिनं बघितलं. परात अगदी हळू ठेवली.

नांदेडच्या दवाखान्यात लहान पोरांना आत सोडत नव्हते. मायला बाहेर कडुनिंबाखाली आणून बसवलं, मी हातभर लांब. सकाळचा गारवा अजून होता. ती इतकी बारीक झाली होती की मला तिच्याकडं बघताना लाज वाटली, परक्या बाईकडं बघितल्यासारखी. ती म्हणाली, "आणलीस?" मी पिशवी पुढं केली. "आधी धू." मी रांजणातल्या पाण्यानं पाची धुतल्या आणि तिच्या पदरात टाकल्या. तिनं एकेक उचलली. लाल रेघ अंगठ्यानं पुसल्यासारखी केली. एकेक गालाला लावली. पाचवीही लावली. थोडा वेळ लावून ठेवली. मग एक वर फेकली, झेलली, दुसऱ्यांदा फेकली तेव्हा खोकला आला आणि राहिलं. "तू खेळ," म्हणाली. मी खेळले. ती बघत होती. तिच्यापुढं मी तेव्हा हरले नाही, एकही खडा सांडला नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा तिनं पाचातली एक उचलून मुठीत धरली आणि चार पिशवीत टाकून पिशवी माझ्याकडं सरकवली. "ही माज्याजवळ राहू दे, चिन्नी." मी बघितलं, ती बिनखुणेची होती. म्हणजे मी घासलेली. "आणि मग खेळायचं कसं? पाच लागतात," मी म्हटलं. ती म्हणाली, "चारावर बी खेळता येतंय. शिक." बापूंनी माझा हात धरला. गेटापाशी वळून बघितलं तर तिची मूठ अजून मिटलेली होती. आणि माझ्या मनात काय आलं असेल? सुटका वाटली. माय फसली, पकडलं गेलं नाही, असं वाटलं. लेकरूच मी.

पाऊसपाण्याच्या आधीच माय गेली. दवाखान्यातलं तिचं सामान तिथंच जाळलं, तशी पद्धत होती, घरी काही आलं नाही. मी आत्याकडंच राहिले, तिथंच वाढले, तिथूनच लग्न होऊन गेले. आत्या पुढं माझ्याशी थोडी बोलायला लागली. माझ्या लग्नानंतर कधीही भेटली तरी, बरी हायेस का, लेकरं कशी हायेत, हे विचारायच्या आधी ती मान हलवून म्हणायची, "न्हाई सापडली गं." अगदी शेवटच्या भेटीतही, अंथरुणावर. दर नांगरटीला ती बैलांच्या मागं चालायची म्हणे. मामा चेष्टा करायचे, बाईचं सोनं हरवलंय. मी तिला कधी सांगितलं नाही की आता नाही सापडली तरी चालेल. कारण नव्हतं चालत. माय खोटा दगड खरा समजून मुठीत धरून गेली, आणि तो मी तिला दिला होता. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. माणसं भरल्या घरात राहूनही एखाद्या गोष्टीपाशी आपण एकटेच असतो. ती माझी जागा होती, सगळं आयुष्य.

आणि मग परवाची ती सकाळ, ती कुंडी. मी तो संगमरवर गालाला लावला तेव्हा तो नुसता दगड लागला. गार, पण कसा, भिंत असते तसा. माझ्या चार गारगोट्या कपाटात आहेत, त्या मी कित्येकदा गालाला लावल्यात. त्या कशा लागतात ते माझ्या गालाला पाठ आहे. गालाची ऊब एकदम ओढून घेतात, पाण्यात बुडवल्यासारख्या. पण त्यांच्याशेजारी खोटा दगड मी कधी लावून बघितलाच नव्हता. तो तर मायकडं राहिला होता. मी वॉचमनचं पाणी प्याले, कुंडीतला दगड पदरात घेतला, वर आले आणि सिंकच्या नळाखाली पाची धुतले. डोळे मिटून गालाला लावले. एकदा, दोनदा, हात बदलून. दरवेळी कळलं. आंधळ्याला कळेल, एवढा फरक आहे. आणि तिचा तर जन्म त्या दगडांत गेलेला, ती मला गालानं शिकवत होती, आणि मी त्याला लाड समजत होते.

म्हणजे तिला कळलं होतं. गालाला लावल्या क्षणी कळलं होतं, म्हणून तर थोडा वेळ लावून ठेवली. चार ओळखीच्या मला दिल्या आणि पाचातली नेमकी तीच ठेवून घेतली, माझ्या पिशवीत ती राहू नये म्हणून. साठ वर्षांपेक्षा जास्त झाली. मी समजत होते की ती फसली. फसले मी.

संगमरवर खाली नेऊन कुंडीत ठेवला, परक्याची वस्तू. वॉचमन म्हणाला, "झालं का लोणचं, आजी?" म्हटलं, झालं. दुपारी घरात कुणी नव्हतं, नसतंच हल्ली. मी फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले, बसले तरी. एक वर फेकायची, खालच्या तीन उचलायच्या, वरची झेलायची. पहिल्यांदा सांडल्या. दुसऱ्यांदा सांडल्या. मग जमलं. चारावर बी खेळता येतं.